सलूनचा दर का चढतो? उत्पादकतेवरून वास्तविक विनिमय दराचा हिशेब

केस कापायला १९६० साली जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच आजही लागतो. पुणे असो, तोक्यो असो की शिकागो, एका गिऱ्हाइकामागे वीस-पंचवीस मिनिटं जातातच. तरी शिकागोतल्या कटिंगचे पैसे रुपयांत मोजले तर ते पुण्याच्या कितीतरी पट भरतात. तिथल्या कारागिराचा हात काही तेवढ्या पटीने चपळ नसतो. फरक असतो तो गावातल्या कारखान्यात. तिथला कामगार तासाला जास्त माल काढतो, त्या मालाला जगाच्या बाजारातला भाव मिळतो, म्हणून त्याचा पगार मोठा असतो. सलूनमालकाला आपला माणूस टिकवायचा तर त्याच तोडीचा पगार द्यावा लागतो. काम तेवढंच आणि पगार जास्त, म्हणून दर चढतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ साली, स्वतंत्रपणे, हे मांडलं. रॉय हॅरॉड यांनी १९३३ मध्येच त्याकडे बोट दाखवलं होतं.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जपानचं. १९४९ पासून १९७१ पर्यंत एक डॉलर म्हणजे ३६० येन हा दर बांधलेला होता. १९६० च्या दशकात तिथल्या ग्राहक किमती वर्षाला ५ ते ६ टक्क्यांनी वाढत होत्या, घाऊक किमती मात्र १ टक्क्याच्या आसपास. अमेरिकेतली ग्राहक महागाई त्याच दशकात सरासरी ३ टक्क्यांच्या आतच होती. म्हणजे दर जागचा हलला नाही, तरी येन वास्तविक अर्थाने, म्हणजे दोन्ही देशांतल्या किमतींचा फरक धरून, महाग होत गेला. निर्यातीला मात्र त्याची झळ बसली नाही, कारण कारखान्यातले पगार वाढले तशी उत्पादकताही वाढली. महागली ती हॉटेलं, सलून, शाळा, घरभाडी. जपानी अर्थतज्ज्ञ या महागाईला ‘उत्पादकतेतल्या तफावतीची महागाई’ म्हणत.

आता हिशेब. सुरुवात किंमतपातळीपासून करा: क्रयशक्ती समतेचा दर (ज्या दराने तीच टोपली दोन्ही देशांत सारख्याच पैशांत पडेल तो) भागिले बाजारातला विनिमय दर. देशोदेशीच्या किमती मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमानुसार भारतासाठी २०१७ साली हे आकडे डॉलरमागे २०.६५ आणि ६५.१२ रुपये होते. भागाकार ०.३१७. अमेरिकेत १०० रुपयांना पडणारी टोपली भारतात सुमारे ३२ रुपयांना मिळत होती. २०११ साठी हेच १५.५५ भागिले ४६.६७, म्हणजे ०.३३३. या दोन भागाकारांकडे पुन्हा येऊ.

पुढची पायरी म्हणजे क्षेत्रांची वाटणी: व्यापारयोग्य, म्हणजे ज्यांचं उत्पादन देशाबाहेर विकलं जातं ती, आणि स्थानिक, म्हणजे सलूनसारखी. बहुतेकांचा हिशेब इथेच बिघडतो. ‘माल म्हणजे व्यापारयोग्य, सेवा म्हणजे स्थानिक’ अशी सरसकट रेघ मारू नका. अभ्यासक सहसा निर्यात भागिले उत्पादन हे गुणोत्तर काढून १० टक्क्यांच्या वरचं क्षेत्र व्यापारयोग्य धरतात. भारतात या कसोटीने सॉफ्टवेअर सेवा व्यापारयोग्य बाजूला जातात, आणि जायलाच हव्यात. बांधकाम, किरकोळ दुकानदारी, शिक्षण, आरोग्य, सरकारी प्रशासन स्थानिक. शेतीचं अवघड आहे. हमीभाव, आयात शुल्क आणि अधूनमधून येणारी निर्यातबंदी यांमुळे शेतमालाचा भाव जगाच्या भावाला धरून चालत नाही. शेती एकदा आत घेऊन आणि एकदा वगळून असे दोन हिशेब करा. उत्तरं फार वेगळी आली तर दोन्ही दाखवा.

मग उत्पादकता. भारतासाठी रिझर्व्ह बँकेच्या ‘इंडिया क्लेम्स’ माहितीसाठ्यात २७ उद्योगांचे आकडे १९८०-८१ पासून मिळतात. स्थिर (म्हणजे एकाच ठरावीक वर्षाच्या) किमतींमधलं मूल्यवर्धन, म्हणजे उत्पादनातून कच्च्या मालाचा खर्च वजा करून उरलेलं, भागिले काम करणारी माणसं, आणि त्याचा वार्षिक वाढदर. चालू किमती वापरल्या तर भाववाढच उत्पादकता म्हणून मोजली जाते आणि हिशेब स्वतःचीच शेपटी पकडतो. आणखी दोन ठिकाणी सावध राहा. सरकारी सेवांचं उत्पादन बरंचसं पगारखर्चावरूनच मोजतात, त्यामुळे तिथली उत्पादकता ‘वाढत नाही’ असं दिसतं. तो मोजणीच्या पद्धतीचा परिणाम आहे. दुसरं, २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत कारखानदारीच्या उत्पादनाला आणि कच्च्या मालाला वेगवेगळे किंमत निर्देशांक लावलेले नाहीत. तेल एकदम स्वस्त झालं की कारखान्यांची वाढ फुगून दिसते.

सूत्र साधं आहे. दोन्ही देशांत व्यापारयोग्य क्षेत्राच्या उत्पादकतेच्या वाढदरातून स्थानिक क्षेत्राचा वाढदर वजा करा. प्रत्येक देशाची वजाबाकी त्याच्या ग्राहक टोपलीतल्या स्थानिक सेवांच्या वाट्याने गुणा. मग आपल्या गुणाकारातून परक्या देशाचा गुणाकार वजा करा. समजा, आपल्याकडे ८ आणि २ टक्के, म्हणजे फरक ६, वाटा ०.५, गुणाकार ३. तिकडे ३ आणि १.५ टक्के, फरक १.५, वाटा ०.७, गुणाकार १.०५. उत्तर १.९५, म्हणजे चलन वास्तविक अर्थाने वर्षाला साधारण २ टक्क्यांनी महाग व्हायला हवं. दर बांधलेला असेल तर हे २ टक्के जादा महागाईच्या रूपात येतात. दर मोकळा असेल आणि दोन्हीकडे महागाई सारखी असेल, तर चलनच तेवढं वधारतं.

इथे एक चूक चांगल्या अहवालांतही सापडते. दरडोई, म्हणजे दर कामगारामागची, उत्पादकता वापरत असाल तर वजाबाकी आहे तशीच ठेवा. एकूण घटक उत्पादकता (माणसं आणि यंत्रसामग्री दोन्ही धरून मोजलेली) वापरत असाल तर व्यापारयोग्य क्षेत्राच्या वाढदराला आधी एका गुणोत्तराने गुणायला हवं: स्थानिक क्षेत्राच्या मूल्यवर्धनातला पगाराचा वाटा भागिले व्यापारयोग्य क्षेत्रातला पगाराचा वाटा. उदाहरणार्थ ०.६ भागिले ०.४ म्हणजे १.५. दरडोई आकड्यांत यंत्रसामग्रीचा परिणाम आधीच मुरलेला असतो. तिथेही गुणोत्तर लावलं तर तो दुप्पट मोजला जातो.

आता मघाचे भागाकार. २०११ ते २०१७ मध्ये भारताची दरडोई वाढ अमेरिकेहून कितीतरी वेगवान होती, तरी किंमतपातळी ०.३३३ वरून ०.३१७ वर उतरली. उत्पादकता वेगाने वाढते तिथे किंमतपातळी चढते हा नियम खोटा ठरला, असं लगेच म्हणू नका. एक तर त्या वर्षांत डॉलर बहुतेक चलनांसमोर वधारला होता. दुसरं, सलूनपर्यंत जाणारी साखळी पगाराची आहे, आणि ती मध्येच तुटू शकते. शेतीतून शहराकडे येणारे हात मुबलक असतील तर कारखाना किंवा सॉफ्टवेअर कंपनी कितीही पुढे गेली तरी सलूनमालकाला जादा पगार द्यावा लागत नाही, कारण दाराशी दुसरा माणूस उभा असतो. जपानमध्ये १९६० च्या दशकात माणसांची टंचाई जाणवू लागली होती, म्हणून साखळी घट्ट बसली. आमच्या मते ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते. कारखान्यातले पगार आणि गवंडी, सुतार यांच्या मजुरीचे दर एकाच आलेखावर काढा. ग्रामीण मजुरीसाठी श्रम ब्युरोची मासिक आकडेवारी आहे. रेषा बरोबर चालत नसतील तर वरचं २ टक्क्यांचं उत्तर म्हणजे वरची मर्यादा समजा.

हिशेब दहा वर्षांहून कमी काळासाठी करू नका. चार्ल्स एंगेल यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अमेरिकेच्या वास्तविक विनिमय दरातली हालचाल जवळजवळ सगळी व्यापारयोग्य वस्तूंच्याच किमतींतून येते, म्हणजे त्या वस्तूंचे भावही देशोदेशी एक नसतात. दुकानातल्या टीव्हीच्या किमतीत दुकानाचं भाडं आणि विक्रेत्याचा पगारही असतोच.

शेवटी उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ‘रीअर’शी, म्हणजे वास्तविक प्रभावी विनिमय दराशी, ताडून पाहा. ४० चलनांची टोपली, पाया २०१५-१६. हा निर्देशांक वर गेला की रुपया वास्तविक अर्थाने महाग. डॉलरमागे रुपये मोजायची सवय असलेल्यांची खूण इथे उलटी होते. निर्देशांक १०५ म्हणजे ‘रुपया ५ टक्के फुगलेला’ असं वाचू नका. त्यातला उत्पादकतेचा हिस्सा आधी वजा करा. वजा करून जे उरेल त्याची कारणं वेगळी असतात: परकी गुंतवणुकीचा ओघ, तेलाचे भाव, परदेशातून घरी येणारा पैसा, किंवा सरकारी खर्च, जो मुख्यतः स्थानिक सेवांवरच होतो. आणि सुरुवातीचं व शेवटचं वर्ष प्रत्येकी एक-दोनने सरकवून पाहा. २०१३ सारखं रुपया घसरल्याचं वर्ष टोकाला आलं तर सगळं उत्तर बदलतं.