वेबसाइट बनवताना या चुका टाळा: माउस आणि डोळे गृहीत धरू नका

साइट लाइव्ह करायच्या आधी मी माउस काढून ठेवतो आणि टॅब, एंटर, स्पेसबार एवढ्यावरच फॉर्म शेवटपर्यंत भरतो. बरेच फॉर्म शेवटच्या पायरीवर अडतात, कारण तिथलं 'सबमिट' हे बटन नसतंच, बटनासारखा रंगवलेला 'डिव्ह' असतो, म्हणजे एचटीएमएल या वेबपानाच्या मूळ भाषेतला नुसता डबा.

शिष्यवृत्तीच्या एका साइटवर हेच झालं. हातांना कंप असल्याने माउस न धरता येणाऱ्या एका विद्यार्थ्याने अख्खा अर्ज कीबोर्डवर भरला. सबमिटवर फोकस, म्हणजे टॅबने सरकणारी निवड, जाईना आणि मुदत त्याच रात्री संपत होती. शेवटी बँकेचे तपशील उघडे ठेवून दुसऱ्याला क्लिक करायला सांगावं लागलं. तक्रार आल्यावर डेव्हलपरने टॅबला तिथे थांबवणारा टॅबइंडेक्स लावला. फोकस पोचला, पण एंटर दाबून काही होईना. मग 'हे बटन आहे' असं सांगणारा रोल लावला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर 'बटन' म्हणू लागला, एंटर तरीही मुकाच. ही सगळी मलमपट्टी 'बटन' टॅगला लागत नाही. कीबोर्ड तो ब्राउझरकडूनच घेऊन येतो. घाईत शिकणारे फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचे सांगाडे, आधी शिकतात आणि एचटीएमएल राहूनच जातं, याचा मला खरंच राग येतो.

फोकसची चौकट कुरूप दिसते म्हणून ती घालवणारं 'आउटलाइन नन' लिहू नका. रंग आवडत नसेल तर बदला.

प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणारी सूचना, हे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की तो गायब होतो.

फिकट राखाडी अक्षरं नकोत. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, हवा.

मराठी साइटची खास चूक म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर. कृतीदेवसारख्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं रोमन अक्षर किंवा चिन्ह. स्क्रीन रीडर तेच वाचतो, म्हणजे ऐकणाऱ्याला निव्वळ गोंधळ. परिपत्रक स्कॅन करून पीडीएफ टाकलं तर तेवढंही ऐकू येत नाही, कारण ते नुसतं चित्र असतं. मजकूर युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे 'क' आतही 'क' म्हणूनच साठतो, आणि पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये 'एमआर' लिहा, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो.

कोपऱ्यात अक्षरं मोठी करणारं विजेट चिकटवून सुटका होत नाही. डिव्ह त्याखाली डिव्हच राहतो. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक असतो. दोन्ही लावून स्वतःचीच साइट ऐका, आणि शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला मानधन देऊन तपासून घ्या.