बाहेरून बारावी आणि इंग्रजीचा पेपर : या चुका टाळा

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की दोन-चार मुलं मार्कशीट घेऊन माझ्याकडे येतात. मराठी सुटलेलं असतं, अर्थशास्त्र सुटलेलं असतं, अडकलेलं असतं ते इंग्रजी. बहुतेक जण १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षेला बसायचा फॉर्म, भरून बाहेरून बसलेले. कुणी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, कुणी नवी पेठेत कापडाच्या दुकानात, कुणी घरी विड्या वळता वळता अभ्यास केलेली. मीही अशीच बारावी झाले. दिवसभर दुकानात उभं राहायचं आणि रात्री पुस्तक उघडायचं. आता संध्याकाळी पूर्व भागातल्या काही जणांना घेऊन बसते. त्यांच्या चुका मला लगेच ओळखू येतात, कारण त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केलेल्या आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बाहेरून बसणारा अकरावी न करता थेट बारावीच्या पेपरला बसतो. वर्गात वर्षभर कविता कशी वाचायची, अलंकार कसे ओळखायचे याची जी सवय होते, ती त्याला मिळालेलीच नसते. शिवाय आपल्या सोलापुरात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. मराठी शाळेत शिकलेली भाषा, आणि इंग्रजी तिसरी नाहीतर चौथी. म्हणून नापास झालेल्याला मी कधीच ‘तू मठ्ठ आहेस’ म्हणत नाही. अभ्यास कमी पडलेला नसतो, तो भलत्या ठिकाणी झालेला असतो.

पुस्तक न उघडता गाईड उघडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बारावीचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक, युवकभारती, किती जणांनी अथपासून इतिपर्यंत वाचलंय असं विचारलं, तर हात वर होत नाहीत. गाईड मात्र जाडजूड, अंडरलाइन करून रंगवलेलं. मीही गाईडच पाठ केलं होतं. पेपरात उतारा ओळखीचा आला, पण प्रश्न वेगळा आला आणि मी पाठ केलेलं उत्तर तसंच उतरवून आले. मार्क मिळाले नाहीत आणि का मिळाले नाहीत हे मला पुढे वर्षभर कळलं नाही.

हिशेब करून पाहा. ८० मार्कांचा लेखी पेपर. त्यात गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी १६. आता त्याला कृतिपत्रिका म्हणतात ते उगाच नाही. उतारा समोर छापलेला असतो आणि त्यातच शोधून, जुळवून, बदलून उत्तर द्यायचं असतं. ज्यानं मूळ पाठ तीनदा वाचलाय त्याला उताऱ्यात बोट कुठे ठेवायचं ते कळतं. गाईडवाला आठवणीत शोधत बसतो, उत्तर समोर कागदावर असूनही.

पुस्तक विकत घेणं जमत नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, मोबाईलवर उतरवून घेता येतं. पण कविता तरी वहीत हाताने उतरवा. उतरवताना डोळा प्रत्येक शब्दावर थांबतो, मोबाईलवर तो घसरत जातो. गाईड फेकून द्या असं मी म्हणत नाही. आधी पाठ वाचा, प्रश्न स्वतः सोडवा आणि मग ताळा करायला गाईड उघडा.

तयार रसग्रहण

कवितेच्या रसग्रहणाला ४ मार्क असतात आणि इथे जवळजवळ सगळे एकच उत्तर लिहितात. कवीनं जीवनाचं सुंदर चित्रण केलंय, भाषा सोपी आहे, यमक छान आहे, संदेश मोलाचा आहे. कवितेचं नाव बदललं तरी उत्तर तेच! तपासणाऱ्याच्या हाताखालून असे शेकडो पेपर जातात.

सरोजिनी नायडूंची ‘इंडियन वीव्हर्स’ घ्या. १९०५ साली आलेल्या त्यांच्या ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या संग्रहातली ही कविता. चार-चार ओळींची तीन कडवी, मिळून बारा ओळी. प्रत्येक कडव्यात आधी विणकरांना प्रश्न, मग त्यांचं उत्तर. पहाटे विणतात ते नवजात बाळाचं वस्त्र, खंड्या पक्ष्याच्या पंखासारखं निळं. सांज होताना विणतात ते राणीचं लग्नातलं वस्त्र, मोराच्या पिसांसारखं जांभळं-हिरवं. आणि गार चांदण्यात विणतात ते मेलेल्या माणसाचं कफन, पिसासारखं, ढगासारखं पांढरं. एका दिवसात सगळं आयुष्य विणून होतं.

यातला ‘हॅल्सियन’ हा शब्द पाहून मुलं घाबरतात. तो आपला खंड्या. तलावाच्या काठी तारेवर बसून पाण्यात सूर मारणारा. एकदा पक्षी कळला की उपमा पाठ करावी लागत नाही. शाळेच्या मराठीत उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती शिकलेलीच असते. सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. हे चार मराठीतून पक्के करा आणि मग इंग्रजी नावं डकवा. इन्व्हर्शन, म्हणजे शब्दांचा नेहमीचा क्रम उलटवणं, तेवढं वेगळं शिकावं लागतं. तेही याच कवितेत सापडतं, विशेषण नामाच्या मागे गेलेलं दिसेल.

रसग्रहणात ‘तुमचं मत’ असा एक मुद्दा असतो. तो लोक एका ओळीत उरकतात, ‘मला ही कविता आवडली’ म्हणून. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. तिला मी म्हटलं, गाईड मिट, वडिलांकडे बघ आणि लिही. तिनं मोडक्या इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. कवितेतल्या विणकराला आपण कुणासाठी विणतोय हे ठाऊक आहे. माझ्या वडिलांना ठाऊक नाही, त्यांच्या मागावरची चादर कुठे जाते ते त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून मला ही कविता सुंदरही वाटते आणि जुनीही वाटते. व्याकरणाच्या दोन चुका होत्या, त्या आम्ही सुधारल्या. असं मत कुठल्याही गाईडात छापून येणार नाही. ज्या शहरात निम्म्या गल्ल्यांत मागाचा आवाज येतो, तिथल्या मुलांनी ही कविता परकी समजून पाठ करावी याचं मला फार वाईट वाटतं.

याच्याच पोटात आणखी एक चूक आहे. प्रत्येक कवितेला ‘यमक : अअबब’, म्हणजे लागोपाठच्या दोन-दोन ओळी जुळतात, असं लिहून टाकणं. ‘इंडियन वीव्हर्स’ला आणि रॉबर्ट साउदीच्या ‘इंचकेप रॉक’ला ते चालतं. दिलीप चित्रे यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’ला आणि वॉल्ट व्हिटमनच्या ‘साँग ऑफ द ओपन रोड’ला नाही, त्या मुक्तछंदातल्या आहेत. ओळींची शेवटची अक्षरं मोठ्यानं वाचून बघितली की दोन मिनिटांत कळतं.

मराठीत समजलं म्हणजे झालं, हा समज

कविता कुणाकडून तरी मराठीत समजून घेतात, मान डोलावतात, आणि पेपरात पेन उचलत नाही. कारण सगळी समज मराठीत अडकलेली असते. मराठीत समजून घ्यायला माझी हरकत नाही, उलट सुरुवात तिथूनच करा. पण त्याच दिवशी इंग्रजीत चार वाक्यं लिहा. लहान वाक्यं, एका वाक्यात एकच क्रियापद. ‘वडील घरी येतात. ते थकलेले आहेत. मुलं त्यांच्याशी बोलत नाहीत.’ एवढं इंग्रजीत आलं तरी ‘फादर रिटर्निंग होम’चं अर्धं उत्तर झालं. लांब, नटवलेलं वाक्य गाईडातून उचललं की मधेच तुटतं आणि तुटलेलं वाक्य पुढे नेता येत नाही.

कादंबरीऐवजी सिनेमा

‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’ यांचे पुस्तकात उतारेच दिलेले आहेत. सिनेमे बघून जाणारे पुस्तकात नसलेले प्रसंग लिहून येतात. उतारा वाचा, पात्रांची नावं आणि कोण कुणाचा कोण हे एका पानावर मांडा. कादंबरीच्या इतिहासाचा छोटा पाठ सोडू नका, त्यावर ४ मार्कांचे वस्तुनिष्ठ प्रश्न येतात.

लिहिलेलं कुणी तपासत नाही

बाहेरून शिकणाऱ्याचं खरं दुखणं हे आहे. वही भरते, पण लाल पेन कधी लागत नाही. तीच चूक वर्षभर पन्नास वेळा लिहून पक्की होते. दोघं-तिघं मिळून बसा, एकमेकांची उत्तरं मोठ्यानं वाचा. अडखळलं तिथे वाक्य चुकलेलं असतं, बहुतेक वेळा. महिन्यातून एक-दोनदा तरी शिक्षकाला गाठा. संपर्क केंद्र म्हणून मिळालेल्या कॉलेजात इंग्रजीचे शिक्षक असतात. दोन उत्तरं नम्रपणे पुढे केली तर बरेच जण बघून देतात. एकदम वीस पानं नेऊ नका.

तोंडी परीक्षा विसरणं

८० लेखी, २० तोंडी. फॉर्म मंजूर झाला, पावती मिळाली की कित्येक जण थेट हॉल तिकिटाची वाट बघतात. संपर्क केंद्रात तोंड दाखवत नाहीत. तोंडी परीक्षेची तारीख नोटीस बोर्डावर लागून जाते आणि २० मार्क हातचे जातात. १०० मध्ये ३५ लागतात, त्यात हे २० किती मोठे आहेत ते बघा. केंद्र मिळालं की लगेच जा, कार्यालयातल्या कारकुनाला नाव आणि नंबर देऊन या, आणि डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा. रोज दहा मिनिटं पाठ मोठ्यानं वाचलेला असेल तर समोर बसून बोलताना जीभ अडत नाही. मागाच्या खडखडाटात मोठ्यानं वाचायला लाज वाटत नाही, कुणाला ऐकूच जात नाही, हा सोलापूरचा फायदा घ्या.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून बसणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे तोंडीऐवजी गृहपाठासारखा टीएमए असतो, त्याला २० टक्के वजन, आणि पाच वर्षांत नऊ संधी. ‘संधी आहेत की’ म्हणत तिथली मुलं टीएमए मित्राचा उतरवून देतात. तपासून येणारं लिखाण तेवढं एकच असतं, तेच वाया जातं.

जानेवारी

इंग्रजीचा पेपर बारावीच्या परीक्षेत सगळ्यात आधी असतो, फेब्रुवारीत. त्याच्या महिनाभर आधी गड्ड्याची जत्रा. घरी पाहुणे येतात, नंदीध्वज, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम. दुकानवाल्यांना तर जेवायला वेळ नसतो. जत्रेला जाऊ नका असं मी सांगणार नाही, सिद्धरामेश्वरांची जत्रा आहे. पण ते चार दिवस अभ्यास होणार नाही हे आधीच धरून चाला. गद्य आणि कविता डिसेंबरअखेर संपवा. जत्रेनंतरच्या दर रविवारी हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा जवळच्या अभ्यासिकेत घड्याळ लावून तीन तास बसा आणि एक पूर्ण कृतिपत्रिका लिहा. पहिल्या रविवारी पेपर पूर्ण होणार नाही. कुठल्या प्रश्नाला वेळ गेला ते समासात लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी लेखनकौशल्यापासून सुरुवात करून बघा.