ओल झाकू नका, आधी शोधा: हिवाळ्यातल्या डागडुजीत या चुका टाळा

पाऊस थांबून हवा कोरडी झाली की घराचं रखडलेलं काम हाती घेतलं जातं. वेळ योग्यच आहे. पण हिवाळ्यात केलेली आणि पुढच्याच वर्षी बिघडलेली कामं पाहिली, तर बऱ्याचदा ओल कुठून येते हे न बघताच ती झाकलेली असते.

भिंत ओली दिसली की वरून गळतंय असं धरून वॉटरप्रूफिंगचे थर चढवले जातात. खरं तर ओल बाहेरून झिरपते, जमिनीतून भिंतीत चढते, किंवा घरातल्या हवेतूनच येते. हिवाळ्यात ही शेवटची ओल हमखास फसवते. स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार भिंतीला भिडली की तिचं पाणी होतं. कपाटामागे आणि खिडकीच्या चौकटीभोवती धरणारी काळी बुरशी बहुधा याच पाण्यावर वाढते.

ओळखायला सोपी चाचणी आहे. ओल्या जागेचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा, त्यावर हातभर प्लास्टिक ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ ते ४८ तास थांबा. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर दोष हवेतल्या वाफेचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ते भिंतीतून येतंय. वाफेचाच दोष असेल तर एक्झॉस्ट पंखा लावा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा. तिथे वॉटरप्रूफिंगवरचा खर्च वाया जातो. ओल फक्त जमिनीलगत असेल आणि लोणा (भिंतीवर येणारा पांढरा क्षार) फुटत असेल, तर आतून पाणीरोधक रंग मुळीच लावू नका. अडलेलं पाणी भिंतीत आणखी वर चढतं आणि रंगाचे पोपडे सुटतात.

सिमेंटच्या कामात दुपारचं ऊन बघून निर्णय घेऊ नका, रात्रीचा पारा बघा. ५ अंश सेल्सिअसच्या खाली सिमेंट फार हळू घट्ट होतं. ओल्या मालातलं पाणी गोठलं तर ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि गिलावा आतून फुटतो. ती गेलेली ताकद नंतर भरून येत नाही. अशा ठिकाणी काम पुढे ढकलणंच बरं. आधीच झालं असेल तर पाणी न मारता प्लास्टिक आणि जाड आवरणाने ते झाका. जिथे गोठण्याची भीती नाही तिथे नेमकी उलट चूक होते: थंडी आहे, माल सुकणार नाही, म्हणून पाणी मारणं दोन दिवसांत बंद होतं. कोरडा वारा गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो. किमान ७ दिवस तो ओला राहिलाच पाहिजे.

रंगाच्या डब्यावर किमान तापमान लिहिलेलं असतं, पाण्यात मिसळायच्या बऱ्याच रंगांसाठी ते १० अंशांच्या आसपास असतं. ते हवेइतकंच भिंतीलाही लागू आहे. सकाळचं दव पूर्ण सुकल्यावर सुरुवात करा आणि सूर्यास्ताच्या बरंच आधी थांबा.

भेगा भरतानाही ऋतूचा विचार हवा. थंडीत बांधकाम आकसतं, त्यामुळे बाहेरच्या भेगा आत्ता रुंद दिसतात. त्यात कडक सिमेंट ठासलं तर उन्हाळ्यात कडा दाबल्या जाऊन ते सुटतं. लवचिक सीलंट (भेगेत भरायचा, रबरासारखा ताणणारा मसाला) वापरा. भेग रुंद आणि खोल असेल तर आधी फोमची दोरी बसवा, म्हणजे सीलंट तळाला न चिकटता फक्त दोन्ही कडांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर हलू शकतं. वरून रंग द्यायचा असेल तर साधं सिलिकॉन सीलंट नको, त्यावर रंग धरत नाही.

शेवटची चूक जिवावर बेतणारी आहे. गार वारा येतो म्हणून दारा-खिडक्यांच्या फटींबरोबर हवेचे झरोकेही बुजवले जातात. घरात गॅस गिझर, शेगडी किंवा जळणावर चालणारा हीटर असेल तर त्यासाठी ठेवलेली जाळी कधीही बंद करू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्वालेतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. फटी बुजवण्याआधी त्याचा अलार्म बसवून घ्या. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी, गरगरणं, मळमळ सुरू झाली तर कारण शोधत बसू नका; सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत बाहेर काढा आणि तिथून मदत बोलवा.