पूल टेबलाचं कापड घरच्या घरी बदलताना

सांगलीतल्या आमच्या पूल खेळायच्या टेबलाचं कापड मधल्या पॉकेटपाशी, म्हणजे चेंडू पडतो त्या भोकापाशी फाटलं, तेव्हा मी आधी सोफ्याची कामं करणाऱ्या कारागिराला आणलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, कापड ओढून देतो, पण त्या दगडाला हात लावणार नाही." त्याचं बरोबर होतं. आठ फुटी टेबलात स्लेटच्या दगडाचे बहुधा तीन तुकडे असतात आणि सगळे मिळून वजन 200 किलोच्या आसपास भरतं. सुदैवाने कापड बदलायला दगड उचलावा लागतच नाही. दोन माणसं आणि एक रविवार पुरतो.

फक्त आषाढ-श्रावणात हे काम काढू नका. लोकर दमट हवेत सैलावते, कोरड्या हवेत आवळते, त्यामुळे ताण किती दिलाय ते कळत नाही. दिवाळीनंतरची हवा उत्तम.

आपण 'फेल्ट' म्हणतो खरं, पण हे विणलेलं कापड असतं, लोकर आणि नायलॉन मिसळून केलेलं. सोफ्याचं मखमल स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, चेंडू त्यावर रेंगाळतो. सेट घेतलात तर मोठा तुकडा आणि कडांच्या सहा पट्ट्या मिळतात. सुटं कापड घेणार असाल तर दगडाचं माप घेऊन चारी बाजूंना चार-चार इंच जास्त धरा.

आता उलगडायला घ्या. पॉकेट सोडवा, खालून सॉकेट पान्याने बोल्ट काढा, की कडा म्हणजे रेल सुट्या होतील. प्रत्येक रेलच्या पोटाला खडूने 1 ते 6 आकडे घाला. त्या एकसारख्या दिसतात, पण भोकं तंतोतंत जुळतातच असं नाही.

मग कापड धरून ठेवणाऱ्या पिना. वेळ जातो तो इथे. चपट्या पेचकसाने उचलायच्या, पक्कडीने ओढायच्या, शेकडो निघतात. तुटकं टोक लाकडात राहिलं तर हातोडीने आत ठोका, नाहीतर नव्या कापडाला तेच भोक पाडेल. जुनं कापड मात्र टाकू नका, मापाला लागतं.

दगड व्हॅक्यूमने साफ करा, पाणी नको. गवंड्याची पाणसळ ठेवून टेबल समपातळीत आहे का ते पाहा. दोन तुकड्यांच्या सांध्यातलं मेण निघालं असेल तर सांधा जरा तापवून मधमाशीचं मेण वितळवून भरा आणि गार झाल्यावर पातीने दगडाच्या पातळीत खरवडा. शेवटी सगळीकडे तळहात फिरवा. पहिल्या खेपेला मी घाई केली आणि बाजरीएवढा एक खडा आत राहिला. पुढची दोन वर्षं प्रत्येक चेंडू तिथे येऊन किंचित उडायचा.

कापडाची उलट-सुलट बाजू तपासून ते अंथरा. आधी एका आखूड बाजूला मधून कोपऱ्यांकडे पिना मारा, साधारण दीड-दीड इंचावर. मग समोरच्या बाजूने दुसऱ्या माणसाने दोन्ही तळव्यांनी सारखं ओढायचं आणि तुम्ही पिना मारायच्या. त्यानंतर लांब बाजू, त्याही मधूनच. बोटांच्या चिमटीत धरून ओढलंत तर तिथे लाट उठते. सुरकुती दिसली तर चार पिना काढून पुन्हा ओढा, इस्त्रीने ती जाणार नाही. पॉकेटपाशी कापड खाली दाबून तीन उभे काप द्या, पण दगडाच्या कडेच्या सेंटिमीटरभर खालीच थांबा. दगडाखाली लाकडाची चौकट नसेल तर पिना बसणार नाहीत. तिथे सोफावाले वापरतात ते चिकटवायचं सोल्यूशन कडेलाच लावा, वर अजिबात नको.

खरी परीक्षा रेलची. आधी रबर अंगठ्याने दाबून पाहा. दगडासारखं कडक झालं असेल किंवा तडे गेले असतील तर नुसतं कापड बदलून उपयोग नाही. रेलच्या वरच्या खाचेत एक बारीक लाकडी पट्टी असते, तिनेच कापड धरून ठेवलेलं असतं. नवं कापड उलटं टाकून पट्टी लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत बसवा, पण दोन्ही टोकांना दोन-दोन इंच मोकळं सोडा. टोकं ओढून मगच तेवढी पट्टी ठोका. आता कापड रबरावरून खाली वळवा आणि पोटाला पिना मारा. इथे जोर लावायचा मोह आवरा, फार ताणलं की रबर दबतं आणि चेंडू मरतो. पॉकेटच्या तोंडाशी घड्या पडतातच, त्या खालच्या बाजूला लपवा. पहिली रेल वाकडी झाली तर खट्टू होऊ नका, माझी तीनदा उसवली.

आकड्यांप्रमाणे रेल लावून बोल्ट आधी हातानेच बसवा. मग गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. पॉकेट जोडा, ब्रश फिरवा आणि एकच चेंडू अगदी हळू सोडा. तो कडेकडे वळायला लागला तर दोष कापडाचा नाही, पुन्हा पाणसळ काढा.