जुनी जिप्सी घेताय? कार्बोरेटरवाली की एमपीएफआय, हे असं ठरवा

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. समोर उभी असते ती बहुतेक वेळा मारुतीची जिप्सीच. ताडोब्याच्या सफारीच्या, शेतावरच्या, मिलिटरीच्या लिलावातून सुटलेल्या, आणि हल्ली नागपूर-पुण्याचे हौशी लोक घेऊन येतात त्या. प्रश्न सगळ्यांचा एकच : "भाऊ, कार्बवाली घेऊ का एमपीएफआय?" कार्बवालीत हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळतं, एमपीएफआयमध्ये गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टरमधून मोजून फवारतो. (ट्रक-टेम्पोवाल्यांनी हे वाचून डोकं शिणवू नये. डिझेलला कार्बोरेटर नसतोच.)

आधी हातातली गाडी कोणती ते ओळखा. १९८५ साली आलेली एमजी ४१० म्हणजे ९७० सीसी, चार गिअर, ४५ हॉर्सपॉवर. १९९६ ची जिप्सी किंग १२९८ सीसी, पाच गिअर, ६० हॉर्सपॉवर, पण कार्बोरेटरच. २००० साली एमपीएफआय आली आणि आकडा ८० वर गेला. विकणारा इथे छाती फुगवून सांगतो की इंजेक्शनमुळे वीस घोडे वाढले. त्याला विचारा, हेडचं (इंजिनच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं) काय? त्याच वेळी आठ व्हॉल्व्हच्या जागी सोळा व्हॉल्व्हचं हेड आलं. ताकदीचा मोठा वाटा त्याचा. नुसतं इंजेक्शन बसवून ४१० ची ८० हॉर्सपॉवर होत नाही.

आरसीवरच्या सालावर विसंबू नका, इंजिनं बदललेल्या गाड्या खूप फिरतात. बॉनेट उघडा. इंजिनच्या डोक्यावर मोठा एअर क्लीनर आणि त्याखाली चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायची) तार दिसली तर कार्बोरेटर. इनटेक मॅनिफोल्डवर आडवी रेल आणि चार इंजेक्टर दिसले तर एमपीएफआय. मग सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा. एमपीएफआयमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मागे टाकीत पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर बहुतेक वेळा बल्ब काढून ठेवलेला असतो, म्हणजे काहीतरी लपवायचं आहे. सौदा तिथेच थांबवा.

आता आमच्या भागाचं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. सफारीत गाडी कमी वेगात रांगते, पाणवठ्यावर इंजिन बंद करून उभी राहते, आणि वाघ उठला की लगेच चालू व्हावी लागते. कार्बोरेटरची गाडी नेमकी इथे मार खाते. तिचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, दाब जेमतेम पाव बार. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, उष्णता वर चढते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. सेल्फ फिरतो, गाडी लागत नाही. लोक चोक ओढतात, आणखी सेल्फ मारतात, आणि बॅटरी उतरवून ठेवतात. असं झालं तर बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. कायमचा इलाज म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब नेऊन बांधणं, उष्णता रोखणारं आवरण चढवणं, आणि टाकीकडे परतीची नळी असेल तर ती चोंदलेली नाही ना ते फुंकून पाहणं.

एमपीएफआयमध्ये पंप टाकीत असतो आणि अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही, म्हणून माझ्याकडच्या सफारीवाल्यांना मी डोळे झाकून एमपीएफआय सांगतो. फक्त एक अट : टाकी रिकामी ठेवून फिरायचं नाही. तो पंप पेट्रोलानेच थंड राहतो. शंभर-शंभरचं पेट्रोल टाकून चालवणाऱ्यांचे पंप जळतात आणि शिव्या कंपनीला पडतात.

चढाचंही तसंच. वर जाताना हवा विरळ होते, पण कार्बोरेटर पेट्रोल जवळपास तेवढंच देत राहतो. चिखलदऱ्याला गाडी थोडी जड वाटेल, एवढंच. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब एक तृतीयांशाने कमी असतो. तिथे कार्बवाली काळा धूर सोडते आणि प्लग काजळतात. एमपीएफआयचा सेन्सर दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतो. लडाखचा बेत पक्का असेल तर एमपीएफआयच घ्या, फार विचार करायची गरज नाही.

मग कार्बवाली घ्यायचीच नाही का? घ्या की. शेतावर, गावाजवळ फिरायला, आणि स्वतः पाना हातात धरायची हौस असेल तर तिच्यासारखी गाडी नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो. एमपीएफआयमध्ये अर्थची एक वायर गंजली की चार सेन्सर बदलणारा मिस्त्री भेटतो. स्कॅनर त्याच्याकडे असतो, वाचता येत नाही. शिवाय बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारून एमपीएफआय चालू होत नाही, कारण पंपाला आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) करंट लागतोच.

कार्बोरेटर खोलण्याआधी मात्र थांबा. "कार्ब खराब आहे" म्हणून आलेल्या गाड्यांत ठिणगीचं टायमिंग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), जुने प्लग नाहीतर चोंदलेला एअर फिल्टर हेच जास्त निघतं. हे चार आधी तपासा. मग कार्बोरेटरच्या बुडाची पॅकिंग बघा : आयडलिंगवर कडेने साबणाचं पाणी टाका. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून ही तपासणी करू नका, आग लागते.

खोलावाच लागला तर प्रत्येक नळीचा फोटो काढून मगच हात घाला. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे पितळेचे बारीक तुकडे) फक्त हवेने फुंका. तार घालून साफ करणाऱ्या मिस्त्रीकडून कार्बोरेटर परत घ्या आणि घरी या; पितळेचं भोक केसभर मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच. फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ तरंगता भाग) कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका, आणि गाडी ओव्हर होण्याचं (जास्त पेट्रोल वाहण्याचं) कारण तेच. नीडल, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि पॅकिंग किटमधून नवीन घाला. बसवल्यावर मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड-दोन आटे बाहेर. इंजिन गरम होऊ द्या, चोक पूर्ण मोकळा. स्क्रू हळूहळू फिरवून जिथे आवाज सर्वांत वर चढतो तिथे थांबा, मग आयडलिंग साधारण ८५० वर आणा. पीयूसीचं मशीन जवळ असेल तर तिथेच शेवटचा हात मारा. बीएस-२ या प्रदूषणाच्या नियमाआधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, आणि नीट लावलेला कार्बोरेटर त्याच्या बराच खाली बसतो.

आताचं पेट्रोल मात्र जुन्या कार्बोरेटरचं डोकं खातं. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास. जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी थंडीत झटके देते, प्लग पांढरट निघतो. एमपीएफआयमधला ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तर तो हे सांभाळून घेतो. कार्बवालीला मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघावा. विटकरी-तपकिरी आला की पुरे. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम इथेनॉलने फुगतात, ते इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच घ्या.

कार्बवालीवर एमपीएफआयचं इंजिन चढवायचं का, हाही प्रश्न येतो. होतं, पण नुसतं इंजिन पुरत नाही. टाकीतला पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, परतीची लाइन, ईसीएम आणि अखंड वायरिंग, सगळं एकाच गाडीचं हवं. तुकडे जोडलेलं वायरिंग मी हातात घेत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीला गेलात आणि इंजिन नंबर जुळला नाही, तर बाप्पा, तिथे मिस्त्री तुमच्या मदतीला येत नाही.

१ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो आणि कित्येक गाड्या उभ्याच राहतात. कार्बवाली उभी करताना पेट्रोलची नळी काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मोकळं तोंड बुच मारून बंद करा. नाहीतर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सुकून डिंक होतो. एमपीएफआयची टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत ओलावा कमी धरतो आणि इथेनॉल पाणी कमी ओढतं. ही एमपीएफआय दर पंधरवड्याला अर्धा तास चालवा. आणि बॉनेटखाली उंदरांचा बंदोबस्त करा, कारण वायरिंगची साल त्यांना फार आवडते.