रब्बी ज्वारीच्या वाणांची तुलना आपल्याच शेतात कशी करावी

बांधाच्या अलीकडे मालदांडी आणि पलीकडे नवे वाण पेरायचे आणि मळणीला कोणाची पोती जास्त भरली ते पाहायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. परंतु तीत वाणांची तुलना होते की दोन जमिनींची, हे कधीच कळत नाही. एकाच एकरात चढाकडे मुरूम हातभर खोलीवर लागतो आणि उताराकडे कंबरेइतकी काळी माती असते. रब्बीचे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर येत असल्यामुळे मातीच्या खोलीतील हा फरक उत्पादनावर वाणापेक्षा मोठा परिणाम करू शकतो. म्हणून शेतातील चाचणीची सारी मांडणी एकाच हेतूने करायची असते : जमिनीचा वाटा वेगळा काढून वाणाचा वाटा दिसू देणे.

प्रथम प्रश्न एकच ठेवावा. वाणांची तुलना करायची असेल तर खत, पेरणीची तारीख, अंतर आणि आंतरमशागत सर्वत्र सारखीच असली पाहिजे. वाण चारपेक्षा जास्त घेऊ नयेत आणि त्यांत आपले नेहमीचे वाण असलेच पाहिजे, कारण तुलना त्याच्याशी करायची आहे. मध्यम खोलीच्या जमिनीसाठी मालदांडी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले सुचित्रा, परभणीच्या विद्यापीठाचे परभणी मोती आणि घरचे गावरान बियाणे अशी निवड करता येईल. फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी आणि फुले वसुधा भारी जमिनीसाठी शिफारस केलेले वाण आहे. त्यांना मध्यम जमिनीत उतरवून नापास ठरवणे अन्यायाचे होईल. चारही बियाण्यांचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण आधीच तपासावी, नाहीतर जुन्या बियाण्याचा दोष वाणाच्या माथी बसतो.

जागा निवडताना झाडाची सावली, बांधालगतची पट्टी, जुना उकिरडा आणि पूर्वीच्या खळ्याची जागा टाळावी. उकिरड्याच्या जागेवरचे पीक पुढे कितीतरी वर्षे हिरवेगार दिसते आणि तिथे पडलेला वाफा कोणत्याही वाणाला जिंकून देतो. मग शेताचा उतार पाहून उताराला आडवे असे चार पट्टे आखावेत. वरच्या पट्ट्यात माती उथळ आणि खालच्यात खोल असली तरी चालेल; एका पट्ट्यातली जमीन मात्र शक्य तितकी एकसारखी हवी. प्रत्येक पट्ट्यात चारही वाणांचा एकेक वाफा येईल. कोणता वाफा कोणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि प्रत्येक पट्ट्यासाठी चिठ्ठ्या नव्याने टाकाव्यात. सगळीकडे तोच क्रम ठेवला तर एखादे वाण चारही वेळा बांधाच्याच कडेला जाते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ पासून शेतीप्रयोग चालू होते, तरी चिठ्ठ्यांचे हे तत्त्व संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१९ मध्ये तिथे रुजू झाल्यानंतरच पक्क्या पायावर आणले. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी ही पद्धत कृषी संशोधकांच्या हाती दिली.

वाफ्याचे माप असे ठेवावे की हिशेब तोंडी करता येईल. ४५ सेंटिमीटर अंतरावरच्या नऊ ओळी, प्रत्येक ९ मीटर लांब, म्हणजे ४.०५ मीटर रुंदीचा वाफा होतो. मधल्या वाटा धरून सोळा वाफ्यांना सात-आठ गुंठे पुरतात. तिफणीच्या तीन फेऱ्यांत नऊ ओळी बरोबर बसतात. मात्र इतक्या लहान वाफ्यांत दर वेळी तिफणीचे चाडे (बी सोडायचे भांडे) आणि नळे झाडून बियाणे बदलणे जिकिरीचे असल्याने रिकाम्या तिफणीने काकऱ्या ओढून बी हाताने टाकावे आणि ओल उडण्याआधी लगेच झाकावे. कोरडवाहू मध्यम जमिनीसाठी हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद धरल्यास एका वाफ्याला ३१७ ग्रॅम युरिया आणि ४५६ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट लागते. ते घरीच तोलून सोळा पिशव्यांत भरावे; मुठीने टाकलेल्या खताला चाचणीत जागा नाही. खत काकरीच्या तळाशी, त्यावर थोडी माती आणि मग बी. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात ओल पाहून करावी. मध्येच पाऊस आला तर हातातला पट्टा पूर्ण करूनच थांबावे, कारण एका पट्ट्यातील चारही वाफे एकाच दिवशी पेरले जाणे आवश्यक आहे. विरळणी करताना दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राखावे.

नोंदी फार नकोत, पण नेमक्या हव्यात. महिन्याभराने खोडमाशीमुळे पोंगेमर झालेली (मधला कोंब वाळलेली) रोपे, निम्मी कणसे फुलोऱ्यात आल्याची तारीख आणि काढणीआधी खडखड्या रोगाने (यात खोड आतून पोकळ होते) लोळलेली ताटे, एवढे मोजले तरी पुरे. लवकर पक्व होणाऱ्या वाणावर पाखरे आधी तुटून पडतात. तेव्हा राखण सर्व वाफ्यांची सारखी ठेवावी, नाहीतर वाणाचा लवकर येण्याचा गुणच त्याच्या विरोधात जातो.

काढणीच्या वेळी प्रत्येक वाफ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर आधी कापून शेताबाहेर न्यावा, कारण कडेच्या ताटांना ओल आणि उजेड जास्त मिळतो. उरलेल्या पाच ओळींचे निव्वळ क्षेत्र १८ चौरस मीटर भरते. धान्य चांगले वाळवून तोलावे आणि वाफ्यातील किलोंना २.२५ ने गुणावे, म्हणजे एकरी क्विंटल मिळतात. कडबाही तोलावा. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याला निव्वळ दाण्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच उपयोगाचा असतो.

आता आकडे वाचण्याचा भाग, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. समजा, एका नव्या वाणाने मालदांडीपेक्षा चार पट्ट्यांत अनुक्रमे ०.५, ०.४, ०.५ आणि ०.४ किलो जास्त दिले. दुसऱ्या वाणाचा फरक १.६, उणे ०.३, ०.७ आणि उणे ०.२ किलो आला. दोन्हींची सरासरी वाढ ०.४५ किलो, म्हणजे एकरी सुमारे एक क्विंटल आहे. तरीही पहिल्या वाणाची वाढ उथळ आणि खोल अशा दोन्ही मातींत टिकली, तर दुसऱ्याची जवळजवळ सगळी एकाच वाफ्यातून आली. त्या वाफ्यात जाऊन माती पाहावी. जुने खत किंवा एखादी खोलगट जागा सापडण्याचा संभव आहे. नुसती सरासरी लिहून ठेवणाऱ्याला हे दोन्ही वाण सारखेच वाटतील.

एका हंगामावरून वाण बदलू नये. परतीचा पाऊस भरपूर झालेल्या वर्षी पुढे असलेले वाण ओल कमी असलेल्या वर्षी मागे पडू शकते, म्हणून किमान तीन रब्बी हंगाम चाचणी घ्यावी आणि प्रत्येक वर्षाचे आकडे वेगळे ठेवावेत. जागा दर वर्षी बदलली तरी हरकत नाही, पण चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात. भाकरीची परीक्षा घ्यायची असल्यास पिठाच्या डब्यांवर नावाऐवजी क्रमांक घालावेत, कारण मालदांडीचे नाव ऐकताच भाकरी गोड लागते. चाचणीतील कणसांचे बी मात्र पुढच्या पेरणीला ठेवू नये. ज्वारीत स्वपरागीभवन अधिक असले तरी काही प्रमाणात परपरागीभवन होतेच, आणि इतक्या जवळ लावलेल्या चार वाणांचे बी शुद्ध राहत नाही.