पहिल्या दोन अंकांवरून संशयास्पद व्हाउचर कशी शोधायची

खर्चाची दोन हजार व्हाउचर समोर आली की त्यांतली कोणती पन्नास उघडायची, हे ठरवण्यात ऑडिटचे निम्मे यश असते. त्यासाठी बेनफर्डचा नियम वापरा. नैसर्गिक व्यवहारांतल्या रकमांपैकी साधारण ३०.१ टक्के रकमा १ ने सुरू होतात, १७.६ टक्के २ ने, आणि प्रमाण घटत घटत ९ वर ४.६ टक्के उरते. मनाने आकडे रचणाऱ्याला हे प्रमाण सांभाळता येत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात निकाल लागलेल्या एका खटल्यात, सरकारी पैसा लाटण्यासाठी काढलेल्या २३ चेकपैकी बहुतेकांच्या रकमा ७, ८ किंवा ९ ने सुरू होत होत्या. एक लाख डॉलरच्या आत राहण्याची धडपड त्या आकड्यांत उमटली होती.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून वर्षाचे डे बुक, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, एक्सेलमध्ये काढा. खर्चाची व्हाउचर वेगळी करा. रकमांवरची उणे चिन्हे काढा आणि दहा रुपयांखालच्या नोंदी गाळा. ठरलेले भाडे, कर्जाचे हप्ते आणि पगारही बाजूला ठेवा, कारण त्यांना हा नियम लागूच होत नाही. मग ‘लेफ्ट’ फंक्शनने पहिले दोन अंक घ्या आणि १० ते ९९ पर्यंत प्रत्येक जोडी किती वेळा आली ते ‘काउंटइफ’ने मोजा. अपेक्षित प्रमाण काढायचे तर एक भागिले ती जोडी हा भागाकार १ मध्ये मिळवा आणि बेरजेचा दहा पायाचा लॉग घ्या. ९९ साठी ते ०.४३६ टक्के येते, म्हणजे दोन हजारांत जेमतेम नऊ नोंदी. तिथे ४० सापडल्या, तर हा फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराच्या मापाच्या, दहापट होतो.

इथे बरेच जण घाई करतात. नव्वद जोड्यांपैकी चार-पाच जोड्या नुसत्या योगायोगानेही दोन विचलनांबाहेर जातात, म्हणून तीनच्या वर असेल तेच उचला. सगळ्या जोड्यांच्या प्रत्यक्ष आणि अपेक्षित प्रमाणांतल्या सरासरी फरकाची ०.२२ टक्क्यांची प्रचलित मर्यादाही लहान वह्यांना लावू नका. दोन हजार नोंदींत सरासरी फरक निव्वळ योगायोगानेच सुमारे ०.१८ टक्के येतो, त्यामुळे निर्दोष हिशेबही दोषी ठरण्याच्या काठावर दिसतो.

उंचवटा, म्हणजे अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळा आलेली जोडी, सापडला की आधी निरुपद्रवी कारण शोधा. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिल्यास आयकरात तो खर्च नामंजूर होतो, म्हणून रकमा त्याच्या जरा खाली ठेवल्या जातात आणि ९८ आणि ९९ वर गर्दी होते. त्यातही एकच बिल दोन दिवसांत तोडलेले असेल, तर ती वेगळी बाब झाली. तारीख, पुरवठादार आणि बिल क्रमांक लावून त्या नोंदी क्रमाने मांडा. मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली येणाऱ्या रकमा, एकाच पुरवठादाराच्या लागोपाठच्या क्रमांकांची बिले आणि पुन्हा पुन्हा येणारी तीच रक्कम पाहा. मग एडिट लॉग, म्हणजे नोंदींत केलेल्या बदलांची यादी, उघडा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो असणे बंधनकारक आहे.

दोन प्रकारची चोरी या पद्धतीतून निसटते. प्रत्येक बिल सरसकट दहा टक्क्यांनी फुगवले, तर अंकांचे प्रमाण तसेच राहते. आणि नोंदच न केलेली विक्री तर वहीत दिसतच नाही. तिच्यासाठी साठा आणि बँक खाते जुळवावे लागते.

अंकांचा तक्ता म्हणजे पुरावा नव्हे. प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात जाण्याची शक्यता दिसली, तर टॅलीतून काढलेल्या मूळ फाइलला हात लावू नका. तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा संगणकीय ठसा, त्याच दिवशी काढून नोंदवा आणि विश्लेषण प्रतीवर करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश लिहावी लागते. त्याचा एक भाग संगणक सांभाळणारा आणि दुसरा तज्ज्ञ भरतो.